शेवट कोणाच्या मालकीचा?

अमेरिकेत मे महिना उजाडला की लक्षावधी माणसे एका यादीकडे डोळे लावून बसतात. आपल्याकडे त्याच सुमारास दहावी-बारावीच्या निकालाकडे बसतात, तशीच. दूरचित्रवाणीवरच्या कोणत्या मालिका पुढच्या वर्षी चालू राहणार आणि कोणत्या बंद होणार, याची ती यादी. ज्या मालिका उघड उघड यशस्वी आहेत त्यांची चिंता कोणी करीत नाही आणि ज्या साफ पडल्या त्यांच्यासाठी कोणी अश्रू ढाळीत नाही. जीव टांगणीला लागतो तो मधल्यांसाठी. थोड्यांनाच, पण मनापासून आवडलेल्या, रडतखडत चाललेल्या, ज्यांचे पारडे कोणत्याही बाजूला झुकेल अशा मालिकांसाठी. मग एके दिवशी यादी लागते. काहींची नावे तीत असतात, काहींची नसतात. ज्यांची नसतात त्यांच्याविषयी एक छोटेसे वाक्य उच्चारले जाते आणि विषय संपतो: ‘लोकांनी तिला नाकारले.’

प्रस्तुत लेखकाचे भांडण या एका वाक्याशी आहे. मालिका बंद पडते याबद्दल त्याची तक्रार नाही. जगात नाटके पडतात, मासिके बंद होतात, कारखान्यांना टाळे लागते. मालिकांनीच अमरपट्टा बांधून यावे असे म्हणणे बालिशपणाचे होईल. परंतु व्यापाऱ्याने आपल्या सोयीसाठी घेतलेला निर्णय लोकांच्या नावावर खपवला जातो, तेव्हा गप्प बसणे बरे नव्हे. आणि या खपवाखपवीत ज्याचा खरोखर बळी जातो त्याच्याविषयी तर कोणीच बोलत नाही. तो बळी म्हणजे कथेचा शेवट.

१

प्रथम ‘लोकांनी नाकारले’ म्हणजे काय, ते पाहू.

ही यादी न्यूयॉर्कमध्ये मे महिन्यात भरणाऱ्या समारंभात मिरवली जाते. अनेक दशकांचा हा रिवाज आहे. मोठमोठ्या वाहिन्या तिथे पुढच्या वर्षाचे कार्यक्रम मांडतात, नट-नट्या मंचावर येऊन हात हलवतात, दिव्यांचा लखलखाट होतो. पण समोरच्या खुर्च्यांवर कोण बसलेले असते? ज्यांच्या नावाने निकाल लागला ते ‘लोक’ तिथे नसतात. तिथे असतात जाहिरातदार आणि त्यांचे मुनीम. वर्षभरातली जाहिरातींची जागा आगाऊ विकण्याचा तो बाजार आहे. मालिका जगली की मेली हे ज्या मांडवात सांगितले जाते, त्या मांडवातले यजमानही व्यापारी आणि पाहुणेही व्यापारी. प्रेक्षक बिचारा मांडवाबाहेर उभा असतो.

यात नवल नाही. कोणत्याही दुकानात तीन गोष्टी असतात: विकणारा, घेणारा आणि माल. इथे विकणारी वाहिनी आहे आणि पैसे मोजून घेणारा जाहिरातदार आहे. मग माल कोणता? भाबडा प्रेक्षक म्हणेल, मालिका. पण मालिका तर त्याच्या घरात फुकट येते. फुकट मिळणाऱ्या वस्तूचा बाजार भरत नाही. माल तो स्वतःच आहे. रात्री आठ वाजता पडद्यासमोर बसलेले त्याचे डोळे दर हजारी भावाने विकले जातात आणि मालिका म्हणजे त्या डोळ्यांना तिथे बसवून ठेवणारे आमिष.

हे कोणाला अतिशयोक्त वाटेल, म्हणून १९७१ सालचे उदाहरण देतो. त्या वर्षी अमेरिकेतल्या सीबीएस वाहिनीने आपल्या खेडवळ धाटणीच्या मालिका एकामागून एक कापून काढल्या. ‘बेव्हर्ली हिलबिलीज’, ‘ग्रीन एकर्स’, ‘मेबेरी आर. एफ. डी.’, ‘ही हॉ’ अशी त्यांची नावे. यांतल्या साऱ्याच काही पडत्या मालिका नव्हत्या. ‘मेबेरी’ आणि ‘ही हॉ’ तर त्या वर्षीच्या क्रमवारीत देशातल्या पहिल्या वीस कार्यक्रमांत होत्या. लोकांनी त्यांना नाकारले नव्हते. लोक त्या आवडीने पाहत होते. मग चुकले कोठे? चुकले ते लोकांच्याच बाबतीत. ते वयस्क होते, खेड्यांत राहणारे होते, नवी मोटार आणि नवा साबण घ्यायला चटकन तयार होणारे नव्हते. जाहिरातदाराला हवा होता शहरातला तरुण. ‘ग्रीन एकर्स’मधले एक नट पॅट बटरम यांनी तेव्हा थट्टेने म्हटले होते, की ज्या ज्या कार्यक्रमात झाड दिसत होते तो तो वाहिनीने बंद केला. थट्टा सोडली तर उरतो तो अर्थ भयंकर आहे: मालिकेने प्रेक्षक गमावला नव्हता, वाहिनीनेच प्रेक्षकाला नापास केले होते. ‘ही हॉ’ मात्र त्यानंतर गावोगावच्या स्थानिक केंद्रांना थेट विकली जाऊ लागली आणि पुढे वीस वर्षे चालली. ‘लोकांनी नाकारलेल्या’ मालिकेची ही कहाणी!

इथे प्रतिपक्षाचा एक आक्षेप येईल आणि तो वजनदार आहे. त्याच वर्षी त्याच वाहिनीवर ‘ऑल इन द फॅमिली’ ही मालिका सुरू झाली. वर्णद्वेष, युद्ध, पिढ्यांतला कलह असे विषय तिने घरच्या जेवणाच्या टेबलावर आणले. जुने झाड तोडले म्हणून नव्याला ऊन मिळाले, असे म्हणता येईल. आणि ते मी नाकारीत नाही. पण त्या मालिकेचीच कुंडली पाहा. १९७१ च्या जानेवारीत ती सुरू झाली तेव्हा पहिल्या काही महिन्यांत ती क्रमवारीत बरीच खाली होती. वाहिनीने तिला राहू दिले, उन्हाळ्यात तिचे भाग पुन्हा दाखवले, आणि पुढली पाच वर्षे ती देशात पहिल्या क्रमांकावर राहिली. पहिल्या आकड्यांवरच फैसला झाला असता, तर तीही ‘लोकांनी नाकारलेली’ ठरली असती. आक्षेपकाचे उदाहरण अखेर माझ्याच पदरात पडते.

२

आता आकड्यांविषयी. नील्सन कंपनी १९५० पासून अमेरिकेत दूरचित्रवाणीच्या प्रेक्षकांची मोजदाद करीत आली आहे. १९६० च्या दशकात तिचा नमुना सुमारे बाराशे घरांचा होता आणि देशात संच असलेली घरे होती पाच कोटींच्या आसपास. यावरून त्या कंपनीची टवाळी करण्याची तेव्हा पद्धत होती. ती टवाळी मला मान्य नाही. शितावरून भाताची परीक्षा होते, हे आपल्या आजीला ठाऊक होते. संख्याशास्त्रज्ञांनी तेच गणिताने सिद्ध केले. नमुना नीट निवडला तर बाराशे घरांवरून पाच कोटींचा अंदाज बांधता येतो.

परंतु शीत चेपून पाहणाऱ्या आजीला एवढेच पाहायचे असते, की भात शिजला की नाही. इथे शीत चेपणाऱ्याचा प्रश्न निराळाच आहे. हा भात कोणाच्या घरी जाणार, त्या घरातल्या माणसांचे वय किती, आणि ती जेवताना भिंतीवरच्या जाहिरातीकडे पाहतात की नाही, हे तो विचारतो. १८ ते ४९ वयाचे प्रेक्षक मोलाचे आणि पन्नाशी ओलांडलेले कवडीमोल, हा त्या बाजाराचा अनेक दशकांचा हिशेब. आणि २००७ साली तर मोजमापाने शेवटचा मुखवटाही उतरवून ठेवला. प्रेक्षक घरच्या यंत्रावर मालिका नोंदवून ठेवून सवडीने पाहू लागले होते. तेव्हा वाहिन्या आणि जाहिरातदार यांनी मिळून व्यवहारासाठी एक नवा आकडा स्वीकारला. मालिकेच्या मधल्या जाहिरातींची मिनिटे किती जणांनी, प्रसारणाच्या वेळी किंवा पुढच्या तीन दिवसांत पाहिली, त्याची ती सरासरी. वाचकांनी हे वाक्य पुन्हा एकवार वाचावे. ज्या आकड्यावर जागेचा भाव ठरे, आणि म्हणून मालिकेचे आयुष्य तोलले जाई, तो आकडा मालिका पाहणाऱ्यांचा नव्हता. जाहिरात पाहणाऱ्यांचा होता. तुम्ही कथा श्वास रोखून पाहिलीत आणि जाहिरात लागताच ती पुढे ढकललीत, तर हिशेबात तुम्ही नव्हतातच.

याला कोणी खुशाल धंदा म्हणावे. धंदा करणे पाप नाही. पण याला लोकमत म्हणू नये. मतपेटीत ज्याची चिठ्ठीच घेतली गेली नाही, त्याने उमेदवाराला पाडले असे म्हणणे हा कांगावा आहे.

३

‘पण प्रेक्षकांनी मनात आणले तर ते मालिका वाचवू शकतात की!’ असे सांगणारे भेटतात, आणि ते ‘स्टार ट्रेक’चा दाखला देतात. तो दाखला नीट तपासला पाहिजे.

१९६६ साली एनबीसी वाहिनीवर सुरू झालेली ही अंतराळप्रवासाची मालिका दुसऱ्याच वर्षी बंद पडण्याच्या बेतात होती. प्रेक्षकांनी पत्रांचा पाऊस पाडला. पत्रांची संख्या लाखाच्या घरात गेली. जानेवारी १९६८ मध्ये विद्यार्थ्यांचा मोर्चा वाहिनीच्या कचेरीवर गेला. अखेर १ मार्च १९६८ रोजी मालिकेचा भाग संपल्यावर वाहिनीने पडद्यावरूनच जाहीर केले, की मालिका चालू राहील. विजय झाला! पण विजयानंतर काय झाले? मालिकेचा खर्च कमी करण्यात आला आणि तिला शुक्रवारी रात्री दहाची वेळ देण्यात आली. ज्या तरुणांनी पत्रे लिहिली ते त्या वेळी घरात थोडेच असणार! १९६९ साली ७९ भागांवर मालिका बंद झाली. पुढे स्थानिक केंद्रांनी तेच ७९ भाग संध्याकाळच्या वेळी पुन्हा पुन्हा दाखवले, तेव्हा तिला अफाट प्रेक्षक मिळाला. १९७९ पासून तिच्यावर चित्रपट निघाले, नव्या मालिका निघाल्या. याला मी पत्रांचा विजय मानीत नाही. पत्रांनी मिळवून दिलेली मुदत वाहिनीने कशी वाया घालवली, त्याची ती हकीकत आहे.

त्यानंतरची हकीकत अधिक खेदाची आहे. २००७ च्या मे महिन्यात सीबीएसने ‘जेरिको’ ही मालिका पहिल्या हंगामानंतर बंद केली. अणुहल्ल्यानंतर जगापासून तुटलेल्या कॅन्ससमधल्या एका गावाची ती गोष्ट. तिच्या शेवटच्या भागात नायक शरण जायला नकार देताना एक शब्द उच्चारतो. दुसऱ्या महायुद्धात एका अमेरिकन सेनापतीने जर्मनांना पाठवलेल्या उत्तरातला तो शब्द. त्याचा बोलीतला अर्थ ‘हट्!’ आणि सरळ अर्थ कवचीची फळे, म्हणजे शेंगदाणे, बदाम वगैरे. प्रेक्षकांनी तो धागा पकडून वाहिनीच्या कचेरीत वीस टनांहून अधिक शेंगदाणे पाठवले. वाहिनी नमली, तिने सात भाग मंजूर केले, आणि ते संपताच २००८ च्या मार्चमध्ये मालिका पुन्हा बंद केली.

२००९ साली ‘चक’ या मालिकेचे प्रेक्षक आणखी शहाणे झाले होते. वाहिनीला पत्र लिहून उपयोग नाही आणि शेंगदाणे पाठवून तर नाहीच, हे त्यांनी ओळखले. मालिकेत ज्या सँडविच विकणाऱ्या कंपनीची जाहिरात होत असे, तिच्या दुकानांपुढे त्यांनी रांगा लावल्या, सँडविचे विकत घेतली, आणि आपण कोणत्या मालिकेसाठी घेत आहोत हेही सांगितले. ही मात्रा लागू पडली. ती कंपनी मोठी प्रायोजक झाली आणि मालिका २०१२ पर्यंत चालली. त्या प्रेक्षकांच्या चतुराईचे कौतुक करावे तेवढे थोडेच. पण चार दशकांत रसिकाची पायरी कोठून कोठे उतरली तेही पाहावे. १९६८ साली तो नागरिकासारखा पत्र लिहीत होता. २००७ साली तो धान्याची पोती पाठवीत होता. २००९ साली त्याला उमगले, की आपले म्हणणे ऐकून घेतले जावे असे वाटत असेल तर आधी गिऱ्हाईक झाले पाहिजे. ज्याच्याजवळ सँडविचपुरते पैसे नाहीत, त्याच्या आवडीला या राज्यात वाचाच नाही.

४

येथपर्यंत जे लिहिले त्यावरून कोणी असा समज करून घेईल, की प्रत्येक रडतखडत चालणाऱ्या मालिकेला जगवावे असे माझे म्हणणे आहे. तसे ते नाही. धीर धरल्याने सोने झाले, अशी उदाहरणे पुष्कळ आहेत. ‘चिअर्स’ १९८२ साली सुरू झाली तेव्हा क्रमवारीच्या तळाशी होती. ती अकरा हंगाम चालली. ‘हिल स्ट्रीट ब्लूज’ला १९८१ साली प्रेक्षक थोडे होते, वाहिनीने तिला मुदत दिली आणि पहिल्याच हंगामाला आठ एमी पारितोषिके मिळाली. ‘साइनफेल्ड’चा प्रारंभीचा एक भाग १९८९ साली दाखवल्यावर वाहिनीने मोठ्या मिनतवारीने आणखी चारच भाग मागवले, ती मालिका १८० भागांपर्यंत गेली. फार मागे जायचे तर डिकन्सचे ‘पिकविक पेपर्स’ घ्या. १८३६ साली ते मासिक भागांच्या रूपाने निघू लागले तेव्हा खप हजाराच्याही आत-बाहेर होता, त्यात चित्रकाराने आत्महत्या केली. प्रकाशकांनी तेव्हाच हात आखडता घेतला असता तर सॅम वेलर हे पात्र जन्मलेच नसते. तो आला चौथ्या भागात, आणि शेवटी खप चाळीस हजारांवर गेला.

परंतु प्रामाणिकपणे कबूल केले पाहिजे, की प्रत्येक ‘चिअर्स’मागे पन्नास अशा मालिका असतील, की ज्यांना कितीही मुदत दिली तरी त्यांचे काही झाले नसते. धीर धरण्याचा खर्च कोणाच्या तरी खिशातून जातो. म्हणून धीराची मागणी मी हक्क म्हणून करीत नाही. माझी मागणी त्याहून लहान आहे, आणि म्हणूनच ती टाळायला कोणाला निमित्त नाही. जी कथा तुम्ही चारचौघांत सांगायला घेतलीत, ती संपवा.

आपल्या घरांत श्रावणात कहाण्या वाचल्या जात. कहाणी चालू असताना मूल रडले तरी आई उठत नसे; ती ‘सुफळ संपूर्ण’ झाल्याखेरीज पोथी मिटायची नाही, असा दंडक होता. त्यामागे व्रताची श्रद्धा होतीच, पण एक शहाणपणही होते. ऐकणारा आपला वेळ आणि आपले मन सांगणाऱ्याच्या हवाली करतो. त्याच्या मोबदल्यात सांगणारा शेवट देणे लागतो. कीर्तनकार बुवांचे पोट तबकात पडणाऱ्या पैशांवरच चाले. बुवा काही संन्यासी नव्हते. पण उत्तररंग ऐन रंगात आला असताना तबकात डोकावून पाहिले, चिल्लर कमी दिसली, म्हणून हरिश्चंद्राला स्मशानात तसाच उभा सोडून वीणा खाली ठेवली, असा बुवा गावाने पाहिला नाही. पाहिला असता तर पुन्हा पारावर बसू दिला नसता.

अमेरिकेच्या दूरचित्रवाणीने हेच वारंवार केले आहे. ‘सोप’ ही मालिका १९८१ साली थांबली तेव्हा तिची एक नायिका गोळीबाराच्या तुकडीपुढे उभी होती. ती वाचली की नाही, हे त्या मालिकेने सांगितलेच नाही. ‘आल्फ’ या मुलांच्या लाडक्या मालिकेच्या शेवटच्या भागात, १९९० साली, परग्रहावरच्या त्या प्राण्याला सैनिक घेरतात आणि पडद्यावर ‘पुढे चालू’ अशी अक्षरे उमटतात. पुढे काही चालू झाले नाही. पुढचा चित्रपट निघाला तो सहा वर्षांनी; तोवर ती मुले मोठी झाली होती. डिकन्सचीही एक कादंबरी अपुरी राहिली, पण ती १८७० साली त्याला मृत्यूने गाठले म्हणून. मृत्यूपुढे इलाज नाही. मे महिन्यातल्या ताळेबंदाला मृत्यूचा मान देण्याचे मात्र कारण नाही.

आणि ही केवळ प्रेक्षकाच्या हिरमोडाची गोष्ट नाही. शेवट आपल्या हाती नाही हे ज्या लेखकाला ठाऊक आहे, त्याची लेखणी पहिल्या पानापासूनच वाकडी चालते. ‘बॅबिलॉन ५’ ही मालिका पाच वर्षांची एकच कथा म्हणून आखलेली होती. चौथ्या वर्षी ती बंद पडण्याची चिन्हे दिसू लागली, तेव्हा कर्त्याने पुढच्या वर्षाचे कथानक चौथ्यातच दाटीवाटीने कोंबले आणि अखेरचा भागही चित्रित करून टाकला. मग दुसऱ्या वाहिनीने पाचवे वर्ष दिले! चित्रित केलेला शेवट कपाटात ठेवून त्याला आता उरलेल्या कथेवर एक अख्खे वर्ष काढावे लागले. ‘जेरिको’च्या निर्मात्यांनी तर दुसऱ्या हंगामासाठी दोन शेवट चित्रित केले, एक मालिका जगली तर, दुसरा मेली तर. शेवट हा कथेच्या बीजातून उगवतो, असे आपण साहित्यशास्त्रात शिकतो. इथे तो हिशेबनिसाच्या टेबलावरून निघणाऱ्या चिठ्ठीची वाट पाहत कपाटात पडून असतो.

५

मध्यंतरी अशी आशा उत्पन्न झाली होती, की हे सारे बदलेल. महिन्याची वर्गणी घेऊन हवी ती मालिका हव्या त्या वेळी दाखवणाऱ्या कंपन्या आल्या. जाहिरात नाही, आठ वाजताची वेळ नाही, म्हणजे आता प्रेक्षक हाच खरा ग्राहक. तर्क बिनचूक होता. अनुभव निराळा आला. नेटफ्लिक्सने १ जून २०१७ रोजी ‘सेन्स एट’ ही मालिका दुसऱ्या हंगामानंतर बंद केल्याचे कळवले, कथा ऐन अडचणीत असताना. जगभरातून आरडाओरड झाली, तेव्हा महिनाअखेर समारोपाचा एक मोठा भाग मंजूर झाला आणि तो २०१८ साली आला. ‘दि ओए’ ही पाच हंगामांची म्हणून कल्पिलेली मालिका २०१९ साली दोन हंगामांवर थांबली. तिच्यासाठी एका प्रेक्षकाने कंपनीच्या कचेरीसमोर उपोषण केले, पण कंपनीने निर्णय फिरवला नाही. आपल्याकडे उपोषण कशासाठी करतात हे आपण जाणतो. एका कथेच्या शेवटासाठी माणूस उपाशी बसतो, याला वेडेपणा म्हणून मोकळे होण्यापूर्वी क्षणभर थांबावे.

वर्गणीदार ग्राहक खरा, पण एका मालिकेचा नव्हे, सगळ्या दुकानाचा. जुना वर्गणीदार घरात आहेच. नवी मालिका दाखवून नवा वर्गणीदार मिळतो, जुनी कथा पुरी करून तो मिळेलच असे नाही. म्हणून प्रारंभांची सुकाळी आणि शेवटांचा दुष्काळ! याहून पुढची पायरीही येऊन गेली. डिस्नेच्या कंपनीने ‘विलो’ ही मालिका नोव्हेंबर २०२२ मध्ये दाखवायला सुरुवात केली, पुढे ती थांबवली, आणि मे २०२३ मध्ये आपल्या संग्रहातूनच काढून टाकली. ‘स्टार ट्रेक’ बंद झाली तरी तिचे ७९ भाग उरले होते, म्हणून तिला पुनर्जन्म मिळाला. इथे प्रेताबरोबर घरही जाळण्याची सोय झाली आहे.

६

प्रतिपक्ष विचारील, तुम्हाला नेमके काय हवे? तीन साध्या गोष्टी हव्यात. पहिली, मालिका बंद करायची असेल तर शेवटचे भाग लिहिण्यापूर्वी कर्त्याला तसे सांगावे. दुसरी, तेवढी उसंत नसेल तर समारोपाच्या एका-दोन भागांचा खर्च प्रारंभीच्या करारातच धरावा. घर बांधताना छपराचा खर्च धरतात तसा. तिसरी, एकदा लोकांपुढे ठेवलेली कथा लोकांपासून हिरावून घेऊ नये. हे अशक्य नाही. एबीसी वाहिनीने २००७ च्या मे महिन्यात ‘लॉस्ट’ या मालिकेविषयी जाहीर केले, की ती आणखी तीन वर्षे चालून २०१० साली संपेल; आणि ती संपली. तो शेवट किती जणांना रुचला, किती जणांना नाही, हा वाद अजून चालतो. चालू द्या. शेवट आवडला नाही म्हणून भांडण्याचा हक्क ज्याला मिळाला, तो प्रेक्षक भाग्यवानच म्हणायचा.

अखेर, अमेरिकेच्या घरातले केर दाखवून झाल्यावर आपल्या अंगणाकडेही पाहणे भाग आहे. दूरदर्शनच्या काळात मराठी-हिंदी मालिका तेरा-तेरा भागांच्या मापाने मंजूर होत. त्या पद्धतीत सरकारी कारभाराचे सारे दोष होते. पण आपल्याला किती चालायचे आहे हे लेखकाला निघतानाच ठाऊक असे. खासगी वाहिन्यांवरच्या आपल्या रोजच्या मालिकांना नेमका उलटा रोग जडला. त्या अर्ध्यावर तुटण्याऐवजी संपतच नाहीत. ‘चार दिवस सासूचे’ २००१ पासून २०१३ पर्यंत तीन हजारांहून अधिक भाग चालली. नावातले चार दिवस बारा वर्षे पुरले! आकडा चढता असेतोवर मेलेले पात्र परत येते, मिटलेले भांडण पुन्हा उकरले जाते. आकडा घसरला की आठवडाभरात सगळ्यांची लग्ने लावून गाशा गुंडाळला जातो. अर्ध्यावर तोडलेली कथा आणि मरू न दिलेली कथा या एकाच घरच्या दोन लेकी आहेत. दोन्हींत शेवट सांगणाऱ्याच्या हातून निघून गेला आहे.

हा लेख ज्या दिवाळी अंकात छापला जात आहे, तोही जाहिरातींवर उभा आहे हे मी विसरलेलो नाही. पाने चाळताना वाचकाला दागिन्यांची, बँकांची आणि मसाल्यांची जाहिरात लागलीच असेल. त्या नसत्या तर अंकही नसता. पुढच्या वर्षी पुरेशा जाहिराती मिळाल्या नाहीत तर कदाचित अंक निघणार नाही, आणि तो निघाला नाही म्हणून मी संपादकांशी भांडणार नाही. पण या वर्षीच्या अंकात एखादी कथा अर्ध्यावर तोडून तिच्याखाली ‘जाहिराती कमी मिळाल्याने पुढील भाग रद्द’ असे कोणी छापले, तर वाचक अंक फेकून देईल, आणि तो योग्यच करील. आपण कागदावर जे चालवून घेत नाही, ते पडद्यावर का चालवून घेतो, एवढाच माझा प्रश्न आहे.